खाट क्रमांक तीनशे अकरा

५ जानेवारी २०२६, सोमवार

औषध कंपनीच्या माणसानं ही डायरी दिली. पर्समध्ये मावते, म्हणून ठेवून घेतली. अलिबागच्या कलेक्टर कचेरीत आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढली, तेव्हा दर वर्षीची डायरी भरायची. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता रोज डोकं इतकं फिरतं की ते कुठंतरी उतरवून ठेवलंच पाहिजे.

माझं पद उपकुलसचिव. नवं आरोग्य विद्यापीठ, पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना डाव्या हाताला, कालपरवापर्यंत जिथं भात लावायचे तिथं सहा मजली काचेची इमारत. कुलसचिव अजून नेमलेलेच नाहीत, त्यामुळे 'उप' नावापुरतं, करायचं सगळं मीच. मेडिकल कॉलेजच्या पहिल्या शंभर विद्यार्थ्यांना परवानगी मिळायची तर दिल्लीची समिती येऊन आमचं रुग्णालय तपासणार. शंभर विद्यार्थ्यांमागे चारशेवीस खाटा लागतात. आकडा ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. आता हसू येत नाही. खाटा आल्या आहेत, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, आणि आज दिवसभरात माणसं आली नऊ. त्यातली दोन रस्ता विचारायला.

त्यात मी पोचले अर्धा तास उशिरा. कारण दाजी. विद्यापीठानं मला गाडी दिली आणि गाडीबरोबर दाजी नावाचा चालक दिला. पन्नाशीचा, गावचाच. घरची दीड एकर विद्यापीठात गेली, त्याबदल्यात घरटी एक नोकरी, ती ही. माणूस बोलायला गोड, पण वडाळे तलावाजवळच्या माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांच्या रस्त्यात आज त्यानं दोनदा गाडी थांबवली आणि झाडामागे जाऊन आला. विचारलं तर म्हणे, "थंडी हाय ना म्याडम." पनवेलला कसली आली आहे थंडी!

८ जानेवारी, गुरुवार

विश्वजीतसाहेबांनी मीटिंग घेतली. चेअरमनांचे चिरंजीव, वय तेहतीस, विद्यापीठ सध्या तेच चालवतात. भिंतीवर नकाशा लावून तासभर सांगत होते की विमानतळ इथून वीस मिनिटांवर, परदेशातले पेशंट थेट आपल्याकडे उतरतील. मी म्हटलं, "साहेब, आधी समोरच्या गावातले तर येऊ देत." त्यांना ते आवडलं नाही.

पण खरंच, गावातलं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मोफत तपासणीचे फलक लावले, बस पाठवली, बस रिकामी परत आली. परतताना दाजीला विचारलं, "तुमच्या गावाला झालंय काय? घरासमोर दवाखाना आहे."

"गेटवर नाव लिवतात म्याडम, आंगठा घेतात. आंगठा दिला नि जमीन गेली. आता मान्सं आंगठ्याला भितात." मग जरा थांबून, "नि आत डाकतर तरी कुठं हायत?"

हे मात्र खरं. कागदावर ऐंशी डॉक्टर, प्रत्यक्षात अकरा, आणि त्यातले सहा दुपारी खारघरला आपापल्या दवाखान्यात.

दाजीनं दोन लिटरची बाटली जाताना संपवली, गेटवर भरली, येताना पुन्हा संपवली. मग गाडी थांबणार नाही तर काय होणार!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. कचेरीत तिळाचे लाडू नेले. दाजीनं एक घेतला, मग दुसरा, मग डब्याकडे बघत राहिला म्हणून डबाच पुढे केला. सहा खाल्ले! माझी टंकलेखक प्राची हसत होती. म्हटलं खाऊ दे, सणाचा दिवस आहे.

पण गणवेशावरून त्याच्यावर चिडलेच. ऑक्टोबरात माप घेऊन शिवलेला सफारी, आता खांद्यावरून लोंबतोय, पँट दोरीनं बांधल्यासारखी. म्हटलं, "शिंप्यानं माप चुकवलं की तुम्ही दुसऱ्याचा घालून आलात?" तो ओशाळून म्हणाला, "आल्टर करतो म्याडम." समितीसमोर गेटवर हाच माणूस उभा राहणार. पहिली छाप पडायची ती अशी.

१९ जानेवारी, सोमवार

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी लाल मुंग्यांची ही भली मोठी रांग. माळी म्हणाला, दाजी तिथंच जातो. पन्नास पावलांवर स्वच्छतागृह बांधून दिलं आहे, नळाला पाणी आहे, तरी भिंत लागते! औषध फवारून घेतलं आणि दाजीला सगळ्यांसमोर बोलले. तो म्हणाला, "एकदम येतं म्याडम, पोचायला होत नाय."

आज आणखी एक. गेटमधून आत घेताना डावा आरसा खांबाला घासला. खांब पिवळा रंगवलेला आहे, हाताएवढा जाड. "दिसला नाय," म्हणाला. मग मी ठरवलं की नियमच करायचा. सर्व चालकांनी पंधरा दिवसांत आरोग्याचं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा सेवेबाबत पुनर्विचार करण्यात येईल. परिपत्रक स्वतः मसुदा करून काढलं. बऱ्याच दिवसांनी हाताला बरं वाटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

तीन दिवसांत दाजीचं प्रमाणपत्र हजर. पनवेलच्या कुठल्याशा डॉक्टरचा शिक्का, सही, नोंदणी क्रमांक, 'वाहन चालविण्यास सर्वस्वी सक्षम'. नेत्रतपासणी, रक्त, लघवी, सगळ्या रकान्यांत 'सामान्य'. बाकीच्या चालकांना अजून जाग नाही. मी फाइलला लावलं आणि प्राचीला म्हटलं, बघ, माणूस मनावर घेतो तेव्हा कागद कसा पूर्ण होतो.

आमच्या शाखेत साहेब म्हणायचे, कीर्तीताईंच्या हाताखालून गेलेल्या फाइलवर कोणी बोट ठेवू शकत नाही. तेवढं एकच मला येतं, ते मी इथंही करणार.

२ फेब्रुवारी, सोमवार

दाजी पंधरा दिवस चपलेत. गणवेशाबरोबर काळे बूट दिलेत, ते गाडीच्या डिकीत. आज लेखी खुलासा मागवला. त्याला लिहायला वेळ लागतो म्हणून प्राचीनं लिहून दिला: उजवा बूट चावला, पाय सुजला, बरा होताच घालीन. प्राची जाता जाता म्हणाली, "मॅडम, पाय खरंच सुजलाय. दोन बोटं काळी वाटतात." मी म्हटलं, ग्रीस असेल. दिवसभर गाडीखाली घुसलेला असतो.

त्यालाही विचारलं. म्हणाला, "खिला रुतला व्हता म्हने, मना कललंच नाय. दुखत नाय म्याडम, काय बी दुखत नाय." दुखत नाही तर बूट का घालत नाही!

समितीची तारीख अजून कळत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरात यंत्रं आली, पण जोडणारा माणूस नाही. दिल्लीला चार फोन केले, एकानंही नीट उत्तर दिलं नाही. घरी येऊन वरणाला फोडणी द्यायचंही त्राण राहिलं नाही, दूध-पोळी खाल्ली.

९ फेब्रुवारी, सोमवार

गाडीत वास. तीन दिवस झाले मी समजूत घालतेय की बाहेरचा असेल, खाडीचा असेल. आज काच खाली केली, तर आतलाच. सुकटीचा! दाजीची बायको गुणाबाई त्याला डबा देते, तो पुढच्या सीटखाली ठेवतो. मी पनवेलातच वाढले, बाजारातून नाक दाबून गेले, पण दोन फुटांवर बसून रोज हा वास घेण्याची सवय मला नाही. आमच्या घरात अंडंही शिजत नाही.

सुगंधाची बाटली आणून समोर लावली. आता सुकट आणि मोगरा एकत्र येतो, ते जास्त भयंकर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्पष्ट सांगितलं. "दाजी, उद्यापासून गाडीत डबा नको. तुमचं खाणं तुमचं, मला त्यात पडायचं नाही, पण गाडी विद्यापीठाची आहे. उद्या समितीला आणायला हीच गाडी स्टेशनावर जाणार." तो आरशातून माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग नुसतं "बरं" म्हणाला.

बोलल्यावर मला थोडं लागलंच. दुपारी तो गाडीत सीट मागे टाकून झोपलेला दिसला. म्हटलं, जेवला असेल कुठंतरी. पण वास घालवायचा तर कोणीतरी वाईट व्हायलाच हवं, आणि या विद्यापीठात ते काम कायम माझ्याकडे असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तारीख आली. २३ फेब्रुवारी. सात दिवस!

विश्वजीतसाहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, टेन्शन नको. सगळीकडे असंच चालतं. त्या दिवशी ऐंशी टक्के बेड फुल दिसले पाहिजेत. गावातून दोनशे माणसं आणू, जेवण देऊ, बाकी आपला स्टाफ झोपेल. माळी, वॉचमन, ड्रायव्हर, सगळे. केसपेपर तुम्ही बघा. तुमच्यासारखे पेपर कोणाला जमतात?"

मी म्हटलं, चौतीस वर्षांत मी खोटा कागद केला नाही.

"खोटा कुठे? ॲडव्हान्स म्हणा. परमिशन आली की डॉक्टर येतील, पेशंट येतील. नाही आली तर इमारतीला कुलूप. आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नोकऱ्या पण गेल्या. दाजीची पण."

संध्याकाळभर घरात येरझारा घातल्या. हे चूक आहे हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. पण उद्या इथं खरोखरच रुग्णालय उभं राहिलं तर? दाजीच्या गावाला घरासमोर डॉक्टर मिळाला तर? वर्षभराचे हेलपाटे, फोन, अपमान, सगळं एका दिवसावर येऊन टांगलंय. शेवटी मनाशी म्हटलं, एकदाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वास आहेच. डबा नाही तरी आहे. सीटच्या कापडात मुरला असणार. सीट धुवायला सांगितली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवसांत तीनशे चाळीस केसपेपर. मी, प्राची आणि दोन परिचारिका. नुसतं नाव आणि रोग लिहून भागत नाही. दाखल झाल्याची तारीख, रोजची नाडी, ताप, रक्तदाब, डॉक्टरांचा सकाळ-संध्याकाळचा शेरा, वेगवेगळ्या शाईत. एका पानावर चहाचा डागही पाडला. प्राची म्हणाली, "मॅडम, तुम्ही भयंकर आहात." मला तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

दाजीला पुरुषांच्या शल्यविभागात टाकलं, खाट तीनशे अकरा, हर्निया, सतरा तारखेपासून दाखल. रुग्णवाहिकेचा चालक कल्पेश त्याच ओळीत तीनशे सात, मूतखडा. येताना गाडीत दाजीची उजळणी घेतली.

"कधी भरती झालात?"

"सा दिस झाले."

"काय होतंय?"

"आता काय नाय होत. डाकतर दोन टाइम येतात, सगले चांगली कालजी घेतात."

"शाबास. विसरलात तर बघा, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नाय इसरनार म्याडम." घाम पुसत होता. एसी चालू असताना. नाटकाचं दडपण आलं असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सरकारी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

समिती साडेनऊला आली. तिघं. दोघे पुरुष परराज्यातले, ते अधिष्ठात्यांबरोबर ग्रंथालयाकडे गेले. तिसऱ्या बाई सर्जन, मूळच्या सोलापूरच्या, साधी सुती साडी. म्हणाल्या, "मला वॉर्ड दाखवा." विश्वजीतसाहेब आणि मी बरोबर गेलो.

तिसरा मजला भरून गेला होता. गावच्या बायकांना मी दहादा सांगितलं होतं की साध्या साडीत या, तरी पलीकडच्या वॉर्डात त्या गळ्यात सोनं घालून, केसांत गजरे माळून बसल्या होत्या. बोलावलं म्हणून पाहुण्यांसारख्या आल्या होत्या. सर्जनबाईंनी ते पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. पुरुषांच्या वॉर्डात त्या एकेक केसपेपर उचलून वाचू लागल्या. तीनशे एक, दोन, तीन. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. तीनशे सातला कल्पेश हाताला सलाइन चिकटवून घट्ट डोळे मिटून पडला होता, त्याच्या पापण्या हलत होत्या. तीनशे अकराला दाजी इतका गाढ झोपलेला की मला वाटलं, सगळ्यांत चांगलं सोंग यालाच जमलं.

तीनशे नऊशी बाई थांबल्या. "वास कसला येतोय?"

मी म्हटलं, "सुक्या मासळीचा असेल. गावाकडची माणसं आहेत, घरून डबे आणतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

त्या सरळ तीनशे अकराशी गेल्या आणि पायाकडची चादर उचलली.

उजव्या पायात मोजा होता. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी, घोट्याशी दोऱ्यानं तीन वेढे देऊन बांधलेली. ती पिशवी कशासाठी बांधली होती, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. बाईंनी कात्री मागितली, दोरा कापला. पुढचं मी लिहीत नाही. दोन बोटं नव्हतीच म्हणायची. काळेपणा घोट्याकडे चढला होता.

त्यांनी कपाळाला हात लावला, परिचारिकेला साखर मोजायला सांगितलं. यंत्राला आकडाही दाखवता येईना, इतकी वर गेली होती. मग त्यांनी माझा केसपेपर उचलला आणि मोठ्यानं वाचला. "सतरा तारखेपासून दाखल. हर्निया. ताप नाही. रोज दोन वेळा तपासणी, बारा वेळा डॉक्टरांची सही. सहा दिवसांत बारा वेळा कोणी चादर उचलली नाही?"

विश्वजीतसाहेब माझ्या कानाशी. "मॅडम, सांगा, फाइल अदलाबदल झाली. हा आज सकाळीच आलाय."

तेवढ्यात दाजीला जाग आली. डोळे तांबडे, कुणीकडे बघतोय ते समजेना. बाईंनी विचारलं, "कधी भरती झालात, काका?"

"सा दिस झाले," तो म्हणाला. "डाकतर दोन टाइम येतात. सगले चांगली कालजी घेतात." आणि मी दिसताच हसला. बरोबर बोललो ना, असं.



बाई म्हणाल्या, "यांना आत्ता थिएटरला घ्या." थिएटरातल्या यंत्रांवर प्लॅस्टिक आहे हे त्यांना कोणी सांगेना. "भूलतज्ज्ञ?" ते खारघरला. "मग रुग्णवाहिका काढा. पनवेलला न्या."

विश्वजीतसाहेब म्हणाले, "आमचा ड्रायव्हर आज रजेवर आहे मॅम. दुसरी मागवतो. अर्ध्या तासात येईल."

"अर्धा तास आहे का यांच्याकडे?"

चार खाटा पलीकडे कल्पेशनं डोळे उघडले होते. तो माझ्याकडे बघत होता. विश्वजीतसाहेबही माझ्याकडे बघत होते, आणि मान अगदी हळू हलवत होते, नाही म्हणून. वर्षभराचं सगळं त्या मानेत होतं. इमारत, शंभर विद्यार्थी, गावच्या नोकऱ्या, माझी खुर्ची.

मी म्हटलं, "कल्पेश, ऊठ. गाडी काढ."

मूतखड्याच्या रुग्णानं हाताची चिकटपट्टी ओढली आणि अनवाणी जिन्याकडे धावत सुटला. मग तीनशे दोनचा माळी उठला, तीनशे पाचचा वॉचमन उठला, आणखी दोघं उठले, कोणी सांगितलं नव्हतं. चौघांनी मिळून दाजीला चादरीसकट उचललं. सर्जनबाईंनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मग आपली वही उघडून त्यातही काहीतरी लिहिलं. ते काय असणार हे मला माहीत आहे.

गाडीत दाजी सारखा म्हणत होता, "म्याडम, वास येतोय का? काच खाली करा." दुसरं काही बोलत नव्हता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल विश्वजीतसाहेबांचा फोन आला. उद्यापासून येऊ नका, एवढंच. परवानगी या वर्षी नाही. पुढं काय होईल ते होईल, चौकशी झाली तर प्रत्येक केसपेपरवर माझं अक्षर आहे आणि मी ते नाकारणार नाही. आश्चर्य म्हणजे डोकं फिरलं नाही. फिरायला ताकद नव्हती.

दाजीचं अर्धं पाऊल कापलं. ताप उतरला नाही तर गुडघ्याखालून काढावं लागेल म्हणतात. तो ग्लानीत आहे.

आज दुपारी वॉर्डातले डॉ. हृतिक, माझ्या मुलापेक्षाही लहान, पूर्वेतिहास लिहायला बसले. "शुगर कधीपासून आहे?"

गुणाबाई स्टुलावर होती. सोमवारपासून तिथून हललेली नाही. म्हणाली, "त्याला काय नाय गो होतं. कंदी दवाखान्यात गेला नाय. सरटिफिकेट हाय ना त्याचं, समदं बरं हाय म्हनून." तिनं पिशवीतून त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली, घडी घालून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली.

डॉक्टरांनी ती पाहिली आणि बाजूला ठेवली. "लघवी जास्त, तहान जास्त, वजन कमी, असं काही? कधी सुरू झालं, जखम कधीची, वास कधीपासून, अंदाजे तरी सांगा. औषध त्यावर ठरतं."

गुणाबाईला तारखा सांगता येईनात. तिला कोण सांगणार? तो दिवसभर माझ्या गाडीत असायचा.

मी पर्समधून ही डायरी काढली. म्हटलं, "अंदाजे नको. माझ्याकडे तारखा आहेत."

वाचायला सुरुवात केली. पाच जानेवारी, पंचवीस मिनिटांत दोनदा थांबला. आठ जानेवारी, दोन लिटरची बाटली दोन वेळा. चौदाला सहा लाडू, आणि गणवेश लोंबतोय. एकोणीसला मुंग्या, त्याच दिवशी खांब दिसला नाही. डॉक्टर भराभर लिहीत होते. दोन फेब्रुवारी, दोन बोटं काळी, दुखत नाही. एवढ्या नीट नोंदी मी आयुष्यात कोणाच्या ठेवल्या नसतील. प्रत्येक नोंद रागानं लिहिलेली. मधले शेरे मी गाळत होते, पण गाळताना माझे मलाच ऐकू येत होते.

नऊ फेब्रुवारीशी येऊन थांबले.

"पुढे?" डॉक्टर म्हणाले.

मी गुणाबाईकडे पाहिलं. मग वाचलं, जसंच्या तसं. गाडीत वास, सुकटीचा, बायको डबा देते. बारा फेब्रुवारी, डबा बंद करायला सांगितलं.

गुणाबाईनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "सुकट नव्हती गो बाय. म्हयना झाला, घरात सुकट शिजवलीच नाय मी. त्याला वासानं मलमलायचं. डब्यात दहीभात व्हता. तेवडाच पोटात ठरायचा."

डायरी मिटायला गेले, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि पान उघडंच धरलं.

"वाच," ती म्हणाली. "त्याच्या औषिदाला लागतंय ते. थांबू नको."

मी पुढची तारीख वाचली.